ताई, एक पाऊल मागे

१

दर शनिवारी सकाळी दहा वाजता थोरली स्टुडिओत शिकवणी घ्यायची. शिकवणी म्हणजे काय, तर सहा-सात हौशी मंडळी, आठ खुर्च्या आणि एक लांबच लांब खोली. पूर्वी तिथे कापडाचं गोदाम होतं. वडिलांनी ती जागा घेतली तेव्हा लोकांनी विचारलं होतं, फोटो काढायला एवढी लांब खोली कशाला, आत घोडे पळवायचेत का?  वडिलांनी शेवटच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक गोल घड्याळ ठोकलं आणि कामाला लागले.

वडील जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. स्टुडिओ दोघी बहिणींचा. थोरली फोटो काढायची, धाकटी आतल्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायची आणि छापायची. बाकीच्या जगाने फिल्मला कधीच रामराम केला होता, पण या दोघींचं पोट अजून तिच्यावरच चालत होतं. वाटण्या इतक्या पक्क्या, की थोरलीने वर्षानुवर्षं निगेटिव्हला हात लावला नव्हता आणि धाकटीने, वर्षातला एक दिवस सोडला तर, कॅमेऱ्याला. पण त्या आठवड्यात धाकटी तापाने घरी पडून होती आणि शिकवणीला छाप तर हवे होते. थोरलीने स्वतःच कपाट उघडलं, घरच्या फोटोंच्या तीन निगेटिव्ह काढल्या आणि जमले तसे छाप काढले. घाईत तिने ते धड पाहिलेही नाहीत.

"आज लेन्सचे आकडे," ती म्हणाली. "अठ्ठावीस, पन्नास, एकशे पाच. लोकांना वाटतं, मोठ्या आकड्याची लेन्स माणसाला जवळ आणते. साफ खोटं. लेन्स कुणाला जवळ आणत नाही की लांब नेत नाही. कोण जवळ, कोण लांब हे आपले पाय ठरवतात. लेन्स फक्त कडेचं किती कापायचं तेवढं बघते."

तिने दोरीला चिमटे लावून तिन्ही छाप टांगले. "ही आमच्या घरची रांग. दरवर्षी याच खोलीत, या खडूच्या रेघेवर, भिंतीपासून दोन मीटर पुढे उभी राहते. लेन्स बदलली की कॅमेरा पुढे-मागे न्यायचा, म्हणजे रांग तेवढीच मोठी येते. आता मागच्या घड्याळाकडे बघा."

सगळे वाकले. एकशे पाचच्या फोटोत घड्याळ चांगलं थोरलं, जणू रांगेच्या पाठीला टेकलेलं. पन्नासमध्ये जरा आक्रसलेलं. अठ्ठावीसमध्ये तर ते पार दूर गेलं होतं आणि खोली उगाच लांबट झाली होती.

"म्हणजे रांग तशीच, आणि मागचं काय ते लहान-मोठं होतं," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. उभा जन्म तिकिटांवरचे शिक्के तपासण्यात गेल्यामुळे त्यांना कागदाला नाक लावून बघायची सवय होती. बराच वेळ त्यांनी नाक हलवलं नाही.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"रांगेतली माणसं तिन्ही फोटोंत सारखीच आहेत. मग तुम्ही एकट्याच घड्याळाबरोबर लहान-मोठ्या का होताय?"

कुणीतरी हसलं. थोरलीही हसली, आणि हसत हसत छापाकडे वळली.

२

अठ्ठावीसचा फोटो गेल्या वर्षीचा. आई मधोमध खुर्चीवर, तिच्या मागे एका बाजूला थोरलीचा नवरा, दुसऱ्या बाजूला थोरलीची नऊ वर्षांची लेक, आणि अगदी कडेला टायमर लावून धावत आलेली धाकटी. नवरा आणि लेक यांच्या मध्ये थोरली उभी होती. म्हणजे असायला हवी होती. तिथे एक काळा ओरखडा होता, आणि त्याच्या बाजूला, नवऱ्याच्या खांद्यापलीकडे, थोरलीचं डोकं होतं. नवऱ्याच्या डोक्याच्या निम्मं.

"छापताना काहीतरी गडबड झाली," ती म्हणाली. मंडळी सज्जन होती, त्यांनी मान डोलावली. तिने शिकवणी अर्ध्या तासात गुंडाळली.

दार लावून घेतल्यावर तिने भिंतीवरचा फ्रेममधला फोटो काढला. तेच वर्ष, तोच क्षण, धाकटीने छापलेला. त्यात सगळं ठीक होतं. थोरली नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, त्याच्याएवढीच. ओरखड्याचं नाव नाही.

एकाच निगेटिव्हचे दोन छाप. थोरली डोक्याने तशी शाबूत बाई होती, तिने कारणं शोधायला सुरुवात केली. छापायचं यंत्र तिरकं झालं असेल? मग सगळेच तिरके आले असते. मी हलले असेन? हलणारा माणूस पुसट होतो, लहान होत नाही. तिने पट्टी घेतली, डोकी मोजली आणि गणित मांडलं. ते ती दहा वर्षं लोकांना शिकवत होती. रांग कॅमेऱ्यापासून सव्वादोन मीटरवर. भिंत सव्वाचार मीटरवर. ती स्वतः साडेचार मीटरवर.

तिने तीन वेळा गणित केलं. मग भिंग घेऊन पाहिलं. घड्याळाची खालची कड तिच्या केसांवर आली होती. तिचं डोकं घड्याळापुढे नव्हतं. घड्याळ तिच्या डोक्यापुढे होतं.

खोलीत तेच घड्याळ टिकटिकत होतं. थोरलीने त्याच्याकडे पाठ केली आणि अकराच्या अकरा वर्षांच्या निगेटिव्ह टेबलावर मांडल्या. पहिल्या वर्षी ती रांगेच्या जरा मागे होती, पाऊलभर. दुसऱ्या वर्षी दोन पावलं. पुढची काही वर्षं धाकटीने हट्टाने एकशे पाचची लेन्स लावायला लावली होती. "लांबच्या लेन्समध्ये सगळे सारखे दिसतात गं," ती म्हणायची, "आईलाही तेच आवडतं." त्या वर्षांत फरक पटकन कळत नव्हता, मोजावा लागत होता. गेल्या वर्षी मात्र थोरलीने शिकवणीसाठी म्हणून अठ्ठावीसची लावली. तेव्हा धाकटी अख्खा दिवस फुरंगटून बसली होती.

पाऊलभर. तिला पहिलं वर्ष लख्ख आठवलं. वडिलांशिवायचा पहिला फोटो. कॅमेऱ्यात डोळा घालून धाकटी म्हणाली होती, "ताई, एक पाऊल मागे. तुझं डोकं कापलं जातंय." घरात थोरलीच उंच, तेव्हा ते बरोबरच होतं. ती एक पाऊल मागे गेली होती. पुढच्या वर्षी पुन्हा, "ताई, एक पाऊल मागे." दरवर्षी.

वडील असताना फोटो असा संपत नसे. खटका दाबला तरी ते कुणाला हलू देत नसत. मग कॅमेऱ्यामागून एकेकाला हाक मारायचे, "तू, पुढे ये. आता तू, पुढे ये." सगळे रांगेतून निघाले की मगच लेन्सला झाकण. मुली त्यावरून त्यांची थट्टा करायच्या. ते गेल्यावर एवढा सोपस्कार करायला कुणाला वेळ होता? धाकटी तर टायमर लावून धापा टाकत येणार, आणि खटका वाजला की सगळे पांगणार.

दरवर्षी मागे पाठवलेल्या थोरलीला कुणीच पुढे बोलावलं नव्हतं.

३

नवरा घरात मोठ्याने बोलतो ही तिची जुनी तक्रार होती. समोर बसूनही असा बोलायचा की रस्त्यापलीकडच्याला ऐकू जावं. कान तपासून घे म्हणून ती त्याच्या मागे लागायची. तो म्हणायचा, माझे कान ठणठणीत आहेत. लेकीचंही तेच. एकाच खोलीत असली तरी "आईऽऽ" अशी लांबलचक हाक, गच्चीवरून अंगणात मारावी तशी. थोरली म्हणायची, मुलीने बापाचा घसा घेतलाय.

त्या दुपारी ती घरी आली, मोजायची फीत टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "याचं टोक धर."

"कशाला?" तो ओरडला.

"धर म्हणते ना."

त्याने टोक छातीशी धरलं. तिने फीत स्वतःच्या छातीशी ताणली. टेबल एक मीटर रुंद, फीत एक मीटर. तिचा जीव भांड्यात पडला. आपण मूर्ख आहोत, निगेटिव्ह खराब आहेत आणि पोस्टमास्तरांना चष्मा बदलायला हवा, असं सगळं तिने एका श्वासात ठरवून टाकलं.

"किती आलं?" तिने विचारलं.

"एक मीटर!" दोन्ही हात तोंडाभोवती धरून तो म्हणाला.

त्याचं त्यालाच ते उशिरा लक्षात आलं. त्याने हात खाली घेतले. बाजूला तिची आई भाजी निवडत बसली होती, तिचे हात थांबले. लेक चित्र काढत होती, तिने मान वर केलीच नाही. 

"मी तुला कुठे दिसते?" थोरलीने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? समोर."

"किती समोर?"

त्याने सासूकडे पाहिलं. त्या एका नजरेत थोरलीला सगळं कळलं. ही नजर आजची नव्हती. या दोघांनी ती पुष्कळदा वापरलेली होती, तिच्या डोक्यावरून.

"आई, तुलाही?"

म्हातारीने पदराला हात पुसले. "आम्हाला वाटलं, तुला ठाऊक असेल," ती म्हणाली. "तू काही बोलली नाहीस, मग आम्हीही विषय काढला नाही. उगाच तुझं मन कशाला दुखवायचं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्यांनी फसवलं असतं तर तिने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. इथे भांडायचं कुणाशी? ज्यांच्यासाठी भांडायचं, तेच समोर बसले होते, आणि ते तिच्याकडे दूरवरच्या माणसाकडे बघावं तसे डोळे बारीक करून बघत होते.

"आईऽऽ," लेकीने हाक मारली, "निळा रंग संपला!"

हातभर अंतरावरून.

४

सोमवारी धाकटी कामावर आली. थोरली अंधाऱ्या खोलीत तिची वाट बघत बसली होती. लाल दिवा लागलेला, नळ थेंबथेंब गळत होता, आणि टेबलावर अकरा निगेटिव्ह ओळीने. धाकटीने त्या पाहिल्या, पिशवी खाली ठेवली आणि दार लावून घेतलं. कसल्या निगेटिव्ह, असंही तिने विचारलं नाही.

"कधीपासून?" थोरली म्हणाली.

"पहिल्या वर्षापासून."

"आणि फ्रेममधले फोटो?"

"तुला वेगळं मोठं करून छापते. कापते. रांगेत चिकटवते. कडा रंगवते. मग त्याचा पुन्हा फोटो घेते." धाकटीने हात पुढे केले. बोटांची टोकं कात्रीने घट्टे पडून टणक झाली होती. "एका फोटोला चार दिवस लागतात ताई. अकरा वर्षांत कधी विचारलंस, एवढा वेळ का लागतो म्हणून?"

"मला सांगायचं होतंस!"

"पहिल्या वर्षी सांगणारच होते. धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पहिल्या वर्षी का नाही सांगितलंस. मग तिसऱ्या वर्षी…" तिने हात झटकला. "राहिलं ते राहिलंच."

हे इतकं खरं होतं, इतकं धाकटीसारखं होतं, की थोरलीला क्षणभर हसूच आलं. लहानपणी फुलदाणी फोडल्यावरही तिने हेच कारण दिलं होतं. मग थोरलीने गेल्या वर्षीची निगेटिव्ह उचलून दिव्यासमोर धरली. नवरा आणि लेक यांच्या मधली जागा पात्याने खरवडलेली होती, उभीच्या उभी, माणसाच्या उंचीची. घाईत खालचा भाग राहून गेला होता. तिथे एक हात दिसत होता. त्या हातात लेकीची बोटं होती, घट्ट धरलेली.

"ही कोण?"



"तू मागे गेलीस तशी जागा झाली," धाकटी म्हणाली. "आधी नुसता डाग यायचा. मला वाटलं, पाणी खराब आहे. मग दरवर्षी जरा जरा स्पष्ट. मी खरवडून टाकते."

"चेहरा पाहिलास?"

"खरवडायच्या आधी दिसतोच की."

"कसा आहे?"

धाकटीने खाली पाहिलं. "बरा आहे," ती म्हणाली. "हसरा आहे."

त्या दोन शब्दांनी थोरली जितकी घायाळ झाली तितकी गणिताने झाली नव्हती. तिचा आवाज चिरकला. "माझ्या मुलीचा हात तिच्या हातात आहे, आणि तू सांगतेस हसरा आहे?"

"ओरडू नकोस ना."

"ओरडले नाही तर तुम्हाला ऐकू तरी येतं का माझं?"

धाकटी रडायला लागली. थोरलीलाही रडू आलं, पण तिने ते गिळलं, कारण तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती रडून मिळणारी नव्हती. तिला रांगेतली आपली जागा परत हवी होती, नवरा आणि लेक यांच्या मधली.

"उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन ये," ती म्हणाली. "फोटो काढ. आणि खटका दाबल्यावर बाबा मारायचे तशी हाक मार. एकेकाला. मला पुढे बोलाव."

"बोलावते."

"नक्की?"

"अगं, बहीण आहेस माझी," धाकटी म्हणाली, आणि डोळे पुसायला तिने तोंड फिरवलं.

५

मंगळवारी सकाळी उत्तरेच्या खिडकीतून छान मऊ उजेड येत होता. आई खुर्चीवर बसली. नवरा आणि लेक रेघेवर उभे राहिले. थोरली त्यांच्या मध्ये आली. तिने खाली वाकून पाहिलं, पायांची बोटं बरोब्बर खडूवर होती. नवऱ्याची बाही तिच्या बाहीला घासत होती. लेकीचा हात तिने स्वतःहून धरला. हात होता, ऊबदार होता, किंचित चिकटही होता, कारण लेक सकाळपासून गोळ्या चघळत होती. थोरलीला एकदम हलकं वाटलं.

"अठ्ठावीसची लाव," तिने सांगितलं.

"एकशे पाचची लावलीये," धाकटी म्हणाली. "राहू दे आता. कुणी वाईट दिसायला नको."

 लेन्स कुणाला जवळ आणत नाही की लांब नेत नाही, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक होतं? धाकटी कॅमेरा घेऊन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, साडेआठ मीटरवर. या वेळी ती रांगेत येणार नव्हती. हाक मारायला कुणीतरी हवं होतं.

धाकटीने कॅमेऱ्यात डोळा घातला. बराच वेळ ती तशीच राहिली. घड्याळाची टिकटिक थोरलीला ऐकू येत होती, आज जरा जास्तच जवळून.

"मागे नाही सांगायचं," थोरली म्हणाली.

"नाही सांगत."

खटका वाजला. कुणी हललं नाही.

"आई, पुढे ये," धाकटीने हाक मारली. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि पुढे गेली.

"भाऊजी, पुढे या." बाहीला लागलेली बाही सुटली.

"बाळा, पुढे ये." लेकीने पाऊल टाकलं. थोरलीने हात सोडला नव्हता, तरी तिची मूठ रिकामी होती.

"ताई," धाकटी म्हणाली, "पुढे ये."

थोरलीने उजवा पाय उचलला. तो खाली टेकण्याआधी तिच्यापुढून कुणीतरी निघालं. राखाडी स्वेटर, तिच्याच अंगावरचा. उंच मान. मानेवर, जिथे स्वतःला कधी दिसत नाही तिथे, पांढऱ्या केसांची एक बट. थोरलीने आपल्या मानेवर हात नेला. समोरच्या बाईने सहज हात पुढे केला आणि लेकीने न बघता तो धरला.

"ती नव्हे! मी!" थोरली ओरडली. "अगं, मी इथे आहे!"

धाकटीचा डोळा अजून कॅमेऱ्यातच होता. तिला दिसत होतं. तिच्याइतकं स्पष्ट कुणाला दिसत होतं? एकशे पाचच्या लेन्समधून तिला ही बाई दिसत होती आणि तिच्यामागे, इतकी इतकी मागे, तिची ताईही दिसत होती. तिने दोघींना पाहिलं. थोरलीने तिला दोघींना पाहताना पाहिलं.

"बास," धाकटी म्हणाली. "आता बरोबर आलं." आणि तिने लेन्सला झाकण लावलं.

थोरली धावली. खडूची रेघ पायाखाली येईना. समोर घड्याळ मध्ये आलं. त्याची गोल पाठ तिच्याकडे होती, जळमटं लागलेली, आणि त्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेली सेल बदलल्याची जुनी तारीख होती. घड्याळाच्या कडेवरून तिला ती लांबच लांब खोली दिसत होती. दाराशी सगळे चपला घालत होते. नवरा काहीतरी बोलत होता आणि ते तिला ऐकू येत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. धाकटी हसली आणि तिने कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवला. आईने मागे वळून एकदा भिंतीकडे पाहिलं, डोळे बारीक करून, आणि दिवा घालवला.

लेक दारात थांबली. थोरलीने कान टवकारले. आता ती हाक मारील, नेहमीसारखी, लांबलचक, आणि त्या हाकेच्या धाग्याने आपण परत जाऊ.

"आई," लेक म्हणाली. अगदी हळू, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं.